रोजचं विरजण

"परत नाही लागलं?" वेणूबाईंनी दार उघडताच विचारलं.

समोरच्या फ्लॅटमधली राजनंदिनी रिकामी वाटी घेऊन उभी होती. "नाही ना आजी. नुसतं दूधच राहिलं."

"वाघोलीला चीजच्या कारखान्यात लॅबमध्ये असतेस म्हणे. तिथे जीवाणू तुझं ऐकतात, बुरशीसुद्धा सांगशील तशी वाढते. आणि घरी वाटीभर दही लागत नाही. धन्य आहे!"

राजनंदिनी ओशाळून हसली. आठ महिने हे असंच चाललं होतं. यवतमाळहून नोकरीसाठी आलेली ही मुलगी एकटीच राहायची. रोज सकाळी सातला बेल वाजवायची. वेणूबाई तिला बसवून आत जायच्या, गॅस पेटवायच्या आणि चहाबरोबरच चमचाभर विरजण घेऊन यायच्या. दूध कोमटच हवं, करंगळी बुडवून बघ, असं पुन्हा बजावायच्या. राजनंदिनी मान डोलवायची, गोळ्या घेतल्या का विचारायची आणि चहा संपवून कामाला जायची. वेणूबाईंचं स्वतःचं दही मात्र इतकं घट्ट, की वाटी उपडी केली तरी हलायचं नाही.

त्या रविवारी त्यांचा मुलगा श्रीनिवास बंगळूरहून आलेला होता. गेल्या वर्षी, राजनंदिनी इथे राहायला यायच्या आधी, वेणूबाई न्हाणीघरात पडल्या आणि दुपारपर्यंत तशाच पडून राहिल्या. कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. या खेपेला तो लोणी काळभोरजवळच्या एका वृद्धाश्रमाचा अर्ज भरूनच घेऊन आला होता.

"आई, फक्त सही कर."

"आधी या मुलीचं दही लागू दे, मग बघू." वेणूबाई तोऱ्यात म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज बाजूला सारला. हे घर त्यांना सोडायचंच नव्हतं.

श्रीनिवासला राग आला आणि वाईटही वाटलं. राजनंदिनी वाटी घेऊन निघाली, तसा तो तिच्या मागोमाग बाहेर आला.

"अहो, एक विनंती करू? तुमच्या लॅबमधून जिवंत जीवाणूंचं चांगलं कल्चर आणा आणि एकदाचं दही लावा. तुमच्या दह्यापायी आई इथून हलायला तयार नाही."

राजनंदिनीने वेणूबाईंचं दार अलगद ओढून घेतलं.

"काका, या विरजणात एकही जीवाणू जिवंत नसतो. पहिल्याच आठवड्यात मी लॅबमध्ये तपासलं होतं. आजी ते रोज उकळून देतात."