कापरा सूर

कैलासदादा गिटारवर ब्लूज वाजवायला लागला की अंबरनाथ पूर्वेची पब्लिक ओरडायची, "ओळखीचं काहीतरी वाजव ना, भाऊ!" विनीतला मात्र त्याचा तो लांबवलेला, कापरा सूर ऐकून भरून यायचं. रडू आवरत बोलणाऱ्या माणसाचा असावा, तसा सूर. कितीही रियाज केला तरी विनीतच्या बोटाखाली तो सरळसोट, कोरडाच निघायचा.

आज सकाळी कंपनीतली रात्रपाळी संपवून वाजवला, तर तो सूर थरथरला.

गिटार घेऊन विनीत तडक दादाच्या घरी गेला. "दादा, जमलं यार! ऐक, सेम टु सेम तुझ्यासारखं!"

दादाने शेवटपर्यंत ऐकलं, पण दाद दिली नाही. त्याच्या हातातून गिटार काढून घेतली आणि खाटेवर ठेवली.

"हात पुढे कर. बोटं पसर."

बोटांखाली आता तार नव्हती, तरी बोटं थरथरतच होती.

"बघ, अजून सुरातच आहेत!" विनीत हसला.

दादाने आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. तोही तसाच कापत होता.

"विन्या," त्याने हळूच विचारलं, "केमिकल कंपनीत मी ज्या टाकीवर होतो, तिच्यावरच तुला लावलंय का रे?"