धरून बसायचं नाही

बापाचं शेवटचं तोंड बघायला जवानाने सुट्टी मागितली, तेव्हा पलटणीत ध्यानाचा वर्ग घेणारे मेजरसाहेब हसून म्हणाले होते, “घरचे विचार येणारच रे. येऊ द्यायचे, जाऊ द्यायचे. धरून बसायचं नाही!” सुट्टी काही मिळाली नाही.

आज तो वर्ग बघायला खुद्द जनरलसाहेब समोर खुर्ची टाकून बसले होते. मेजरसाहेबांनी मैदानात ऐटीत मांडी ठोकली, डोळे मिटले. बसले ते नेमके लाल मुंग्यांच्या वारुळाला खेटून. शेजारीच बसलेल्या त्याच जवानाने एक डोळा किलकिला केला. मुंग्या अगदी शिस्तीत, रांगेने साहेबांच्या पँटमध्ये शिरत होत्या.

साहेबांना सावध करावं, असा विचार त्याच्या मनात आला.


शिकवल्याप्रमाणे त्याने तो येऊ दिला, आणि जाऊ दिला.