फुगा बाही

"पप्पा, पोरींचे फ्रॉक शिवायला तुम्हाला लाज नाही वाटत?"

विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैजच होती. विशाखाने एका दमात विचारून टाकलं. आईने डोळे वटारले. पप्पा शिफ्टवरून येऊन तिच्या फ्रॉकला फुगा बाही जोडत बसले होते. कापड त्यांच्याच लूमवरचं, आईने घरी गुलाबी रंगवलेलं.

"दिवसभर कापड विणतो," मशीन न थांबवता पप्पा म्हणाले. "टेम्पो भरून जातं. पुढं कोण घालतं, कोणाला शोभतं, कधीच दिसत न्हाय. तुझ्या अंगावर तेवढं दिसतं."

विशाखा पैज विसरली. फ्रॉक घालून तिने आरशासमोर झोकात गिरकी घेतली.

"ठरलं. गॅदरिंगच्या नाचातल्या सगळ्या पोरींना उद्या घरी आणते. आई, तू मापं घे. पप्पा, तुम्ही शिवा. आणि त्या दिवशी दोघांनी पहिल्या रांगेत बसायचं. पोटभर बघा."