झटकलेली साडी

"कॉम्प्युटरवर कुठं कापड असतं का?" पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तीस वर्षं साड्यांच्या घड्या घातलेले धुडकूआबा सुनेच्या कामाला कायम नाक मुरडायचे. आज गायत्रीला साडीचं डिझाइन चारच्या आत पाठवायचं होतं आणि पडद्यावर वीसेक खिडक्यांचा पसारा. त्यातून हिरवी किनार जेमतेम डोकावत होती. ती एकेक खिडकी बंद करत बसली, तेव्हा आबांना राहवेना. त्यांनी माउस घेतला, साडीच्या खिडकीची वरची कड धरली आणि मिलमध्ये सुटे दोरे पडावेत म्हणून साडी झटकायचे, तशी झटकली. बाकीच्या सगळ्या खिडक्या गळून पडल्या. पडद्यावर एकटी साडी उरली.

"आबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

आबांनी पडद्यावरच्या साडीवरून हात फिरवला.

"आते समजनं, पोरी. हाई बी कापडच शे."