उशाशी ठेवलेलं पातळ

फुलांचा अर्क काढतात तसाच, गेलेल्या माणसाचा वास त्याच्या कपड्यातून द्रावकाने काढून शाल्मली कुपीत भरून देत असे. केळुसकरकाकांनी बायकोचं पातळ टेबलावर ठेवलं. त्याला कडक इस्त्री होती.

"काका, हे धुतलंत?"

"म्हणजे काय! परक्याच्या हाती मळकं पातळ दिलं असतं तर ही रागावली असती माझ्यावर."

"दुसरं काही, न धुतलेलं?"

"बाकी सगळं देऊन टाकलं. दोन वर्षं हेच तेवढं उशाशी घेऊन निजतो."

शाल्मलीला खरं सांगवेना. तिने पातळ द्रावकात बुडवलं.

संध्याकाळी काकांनी कुपी हुंगली, पुन्हा हुंगली.

"हा तर साबण," ते म्हणाले. "काल सकाळपर्यंत होती हो ती त्या पातळात."