आपलाच घाट

"आपलाच घाट पडद्यावर कोण बघणार, वृंदाताई? स्वित्झर्लंडचा व्हिडिओ लावा," जिमचे मालक व्यायामाच्या सायकलवर चढत म्हणाले. "आज लोक कंटाळले, तर उद्यापासून तोच."

वृंदाने घाटाचाच व्हिडिओ लावला. भावाच्या बाइकवर मागे बसून पसरणी घाट तिने स्वतः शूट केला होता. आपल्या सायकलिंगच्या वर्गाने कुठे जोर लावायचा, कुठे दम खायचा, हेही तिथेच ठरवलं होतं.

"शेवटचा चढ! सीटवरून उठा!"

जागच्या जागी चाकं घरघरू लागली. तेवढ्यात पडद्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला आणि कुणी न सांगता सगळ्यांचे पाय थांबले. दम खायची जागा वृंदाने तीच धरली होती.

"आरं ए, शेळ्या आवर की!" मालक ओरडले. त्यांचा अंगठा हँडलवर नसलेली घंटी शोधत होता.