शंभरातले नऊ

बियाण्याची पोती चार दिवस शाळेच्या व्हरांड्यात पडून होती. पुराने घरोघरचं राखलेलं बी कुजवलं होतं. शेतात पेरणीजोगा वाफसा आला होता, तो जेमतेम आठवडा टिकणार होता. पण वाटप साहेबांच्याच हातून व्हायचं होतं आणि साहेबांना सवड नव्हती. पाचव्या दिवशी ते उगवले. चिखल नको म्हणून गाडी थेट पायरीला लावून घेतली आणि पाच पावलांत पूरग्रस्त भागाचा दौरा उरकला.

भाषणात त्यांनी सांगितलं की पुरामुळे सुपीक गाळ येतो, तेव्हा एका अर्थी फायदाच झाला. मोजे कोरडे असले की माणसाला असलं सुचतं.

पहिलं पोतं घ्यायला एका घरची थोरली सून पुढे आली. हातात ओलं फडकं होतं. फाटक्या पोत्यातून सांडलेले गव्हाचे शंभर दाणे तिने पहिल्याच दिवशी त्यात गुंडाळून ठेवले होते. घरचं बीसुद्धा ती पेरणीआधी असंच तपासायची. तिने फडकं टेबलावर उलगडलं.

"शंभरातले नऊच उगवलेत, साहेब."

साहेबांनी पोत्यावरचा शिक्का दाखवला. शिक्का असल्यावर बी उगवतंच, असा त्यांचा अभ्यास होता. तरी पटत नसेल तर दळून खा, म्हणाले. बियाण्याला विषारी औषध लावलेलं असतं हे कारकुनाने त्यांच्या कानात सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"पेरलं तर उगवत नाही, खाल्लं तर आम्ही उरत नाही," ती म्हणाली. "घरात आठ माणसं आहेत. वर्षभर काय खायचं?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पोतं तिच्या हातात देऊन फोटो काढून घेतला. फोटोवाल्याने आधी फडकं बाजूला सरकवलं.

गाडीत बसल्यावर साहेबांनी काच खाली करून तिला बोलावलं. आवाज एकदम घरगुती झाला होता.

"ताई, थोडी ताजी भाजी असेल तर बघा ना. शहरात हल्ली काही मिळतच नाही."

ती व्हरांड्यात गेली. टेबलावरचं फडकं घेऊन आली आणि खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवलं. औषधाचं गुलाबी पाणी पांढऱ्या पँटवर पसरत गेलं.

"यंदाचं एवढंच आलंय," ती म्हणाली. "आणि तेही खाऊ नका."